सुमित्राअक्का आणि उपाशी मशीन

संगणकावर बिल्ड लागला की सुमित्राअक्का खुर्चीतून उठायची, खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायची आणि चालायला लागायची. जिन्याच्या दारापासून पाण्याच्या फिल्टरपर्यंत आणि फिल्टरपासून परत दारापर्यंत. वाटेत कुणी बसलेलं दिसलं की त्याच्याकडे अशी बघायची, की तो माणूस आपणहून उठून काहीतरी हरवल्यासारखं शोधायला लागायचा. मी त्या ऑफिसचा मालक. खालच्या पाटीवर माझं नाव आहे. पण बिल्ड चालू असताना मीही कपाटापाशी उभा राहून रिकाम्या फायली चाळलेल्या आहेत.

एकदा धीर करून विचारलं, "अक्का, तू चाललीस म्हणून मशीन जोरात पळतंय का?"

"न्हाई," ती न थांबता म्हणाली. "पर मी बसले की माझा हात शिवशिवतोय. हे बदलू का, ते बघू का. शिजत ठेवलेल्यात डाव घालू नये माणसानं. मनून चालायलेय. तू कामून बसलास?"

मी उठलो.

अक्का माझ्या मोठ्या चुलत्यांची मुलगी. आम्ही दोघं कमलनगरचे. ती लग्न होऊन हुलसूरच्या घरात गेली, भाऊजींची मास्तरकी बीदरला म्हणून बीदरला आली, आणि मी भांड्यांच्या दुकानावरच्या मजल्यात दोन संगणक मांडून कंपनी काढली तेव्हा "तुझ्यानं एकट्यानं व्हत न्हाई" असं म्हणून माझ्याकडे आली. तूरडाळीच्या मिला आणि अडतीची दुकानं यांच्यासाठी आम्ही प्रोग्राम करतो. ट्रक काट्यावर चढला की वजन संगणकात आपोआप यावं, पोत्याचं वजन त्यातून वजा व्हावं, आणि बिल गिऱ्हाइकाला हवं त्या भाषेत, कन्नडात नाहीतर मराठीत, छापून बाहेर पडावं. गिऱ्हाइकं कलबुर्गीपासून उदगीरपर्यंत पसरलेली. त्यांना फोनवर "होऊन जाईल" म्हणायचं हे माझं काम. ते खरोखर होतंय का बघायचं हे अक्काचं.

बिल्ड म्हणजे काय, हे माझ्या बायकोला समजावताना मी नेहमी फसलो. अक्कानं एका दुपारी भाकरी थापता थापता समजावलं. आमच्या धंद्यात कुणीच सगळं स्वतः लिहीत नाही. बिल छापायचा तुकडा कुणीतरी लिहून ठेवलेला असतो, काट्याशी बोलायचा आणखी कुणीतरी. ते फुकट मिळतात, इंटरनेटवरून उतरवून घ्यायचे. सगळे तुकडे आणि आपण लिहिलेलं एकत्र करून गिऱ्हाइकाच्या हातात देता येईल असा एक प्रोग्राम तयार करायचा, तो बिल्ड. भानगड अशी, की प्रत्येक तुकडा दुसऱ्या पाच-सहा तुकड्यांवर टेकलेला असतो.

"लग्नाच्या आवतणासारखं हाय बघ," अक्का बायकोला म्हणाली. "आपण आवतण देतोय एका मामाला. मामा येतोय साडूला घेऊन. साडू येतोय त्याच्या भावकीला घेऊन. आन् त्या भावकीत एकजण असा निघतोय की जेवणावळीत भांडण लावून जातोय. मनून आवतण देताना इचारावं, मागं कोण कोण हाय."

"आणि मग हे दिवसभर काय करतात ऑफिसात?" बायकोनं माझ्याकडे बघत विचारलं.

"जेवतोय की," अक्का म्हणाली.

त्या आवतणात आणखी एक खुबी होती. प्रत्येक तुकड्याला आवृत्ती असते, तिचा नंबर असतो. नंबर सांगितला नाही तर मशीन आपलं सगळ्यात नवं ते उचलून आणतं. आमच्याकडे बसवराज नावाचा हुशार गडी आहे, भालकीकडचा, घरी कन्नड बोलणारा. नवीन होता तेव्हा तो नंबर लिहायला कंटाळायचा. अक्का त्याला म्हणायची, "हुलसुरात मल्लप्पा किती हायत ठाव हाय का? नुसतं मल्लप्पाला बोलवा म्हटलं तर जो रिकामा असंल तो येतोय. कोणता मल्लप्पा, ते सांगावं लागतंय."

बसवराजला ते पटायला हुमनाबादच्या एका मिलनं मदत केली. बिल छापायच्या तुकड्याची नवी आवृत्ती कुठल्यातरी परदेशी माणसानं आदल्या दिवशी काढली होती, आणि ती आमच्या बिल्डमध्ये न सांगता येऊन बसली. दुसऱ्या दिवशी मिलवाल्या शेटजींचा फोन. "साब, आपके बिल में कन्नड नहीं है, डब्बे हैं. ऊपर से नीचे तक डब्बे डब्बे." अक्षरांच्या जागी चौकोन छापलेलं ते बिल शेतकरी उलटंसुलटं करून बघत उभे होते म्हणे. मी सवयीनं "होऊन जाईल" म्हटलं. अक्कानं जुना नंबर लावला, बिल्ड काढला, फेऱ्या घातल्या, चहा निवेपर्यंत कन्नड परत आलं.

"पर नवीन चांगलं असतंय ना अक्का?" बसवराज कुरकुरला.

"असतंय की. मी बी नवी व्हते. पहिल्या दिवशी सासरी आमटीत दोनदा मीठ घातलंवतं. नव्याला आधी घरच्यांना वाढाय लावावं, पावण्यांना न्हाई."

एवढ्यानं तिचं समाधान नव्हतं. खिडकीपाशी तिनं एक जुनं मशीन ठेवलं होतं. दर शुक्रवारी ते पार पुसून काढायचं. आत काही म्हणजे काही ठेवायचं नाही. मग त्याच्यावर शून्यापासून बिल्ड लावायचा. त्याला ती "उपाशी मशीन" म्हणायची. ती स्वतः आयुष्यात उपास करत नसे, मशीनकडून करवून घ्यायची. "आपल्या मशीनवर चाललं ह्याला काय अर्थ? आपल्या घरी सगळं भरल्यालं असतंय. मीठ संपलं तर हात आपसूक बरणीकडं जातोय. उपाशी पोटी जे चालतंय ते खरं." उपाशी मशीनवर बिल्ड नीट झाल्याची हिरवी ओळ आली की मगच प्रोग्राम गिऱ्हाइकांकडे जायचा. ह्या एका रिवाजावर आम्ही किती हंगाम निभावले, आणि मी किती मिलवाल्यांसमोर छाती काढली.

हंगाम म्हणजे तुरीचा. तूर बाजारात यायला लागली की काट्यावर ट्रकांची रांग लागते, आणि रांगेतल्या माणसाला संगणक अडलाय हे कारण सांगता येत नाही. म्हणून नवा प्रोग्राम हंगामाच्या आधी गेला पाहिजे. त्याचा दुसरा अर्थ असा, की हंगामाच्या तोंडावर अक्का घरी नसायची. तिची एकुलती एक लेक पूर्वा. तिच्या शाळेचं गॅदरिंग नेमकं तेव्हाच यायचं. पूर्वा स्टेजवर नाचायची आणि खाली भाऊजी एकटे टाळ्या वाजवायचे. अक्का इथं फेऱ्या घालत असायची.

पूर्वा शिकली, नोकरीला लागली, लग्न करून कॅनडाला गेली. परवाच्या पावसाळ्यात तिला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून अक्कानं मागची खोली रंगवून घेतली. पण मधेच पूर्वाचा रक्तदाब वाढायला लागला, आणि डॉक्टरांनी विमानात बसायचं नाही म्हणून सांगितलं. माहेर तिच्याकडे जाऊ शकत होतं, ती माहेराकडे येऊ शकत नव्हती. तारीख पडली तुरीच्या हंगामाच्या तोंडावरच.

फोन ऑफिसातच आला होता. अक्का फोन स्पीकरवर टाकून बोलायची, तिला लपवायचं काही सुचत नसे.

"आई, तुझी तूर असंल ना तेव्हा," पूर्वा म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्याचंच वाईट वाटलं. "न्हाई जमलं तर न्हाई. ह्यांना सुट्टी मिळंल थोडी. तू उगं जिवाला लावून घेऊ नगस."

"मी यायलेय," अक्का म्हणाली.

"बघ बाई. तू यायलेय म्हणतीस तेव्हा बाबाच येतेत."

अक्कानं फोन ठेवला, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दत्तू, ह्या वर्षीचा प्रोग्राम माझ्याबिगर निघायला पायजे. मी तिथं असताना मला फोन येता कामा नये. एक बी."

"होऊन जाईल," मी म्हणालो.

"गिऱ्हाइकासारखं बोलू नगस माझ्यासंगं."

त्या वर्षी प्रोग्राम टाळता येण्यासारखाही नव्हता. बिलाचा नमुना बदलला होता, जुन्या प्रोग्रामचं बिल चाललं नसतं. तिकीट निघालं. जायच्या आधीच्या आठवड्यात अक्कानं परीक्षा ठेवली. बसवराजनं एकट्यानं उपाशी मशीनवर बिल्ड लावायचा. तिनं बोलायचं नाही. आणि खरोखर आपण इथं नाही हे दाखवायला तिनं स्वतःच्या संगणकाची वायर भिंतीतून उपटून काढली आणि हातात गुंडाळून घेतली.

बिल्ड लागला. अक्का चालायला लागली. दुसऱ्याच फेरीत लाल ओळ आली.

"काय केलास?"

"मी काय बी केलं नाही अक्का. काट्याशी बोलायचा तुकडा सापडत नाही म्हनायलंय."

"सापडत न्हाई कसं? दर शुक्रवारी सापडतंय."

बसवराज मान वाकडी करून पडद्याकडे बघत राहिला. वरपासून एकेक ओळ वाचत गेला. मग फार हळू म्हणाला, "अक्का, ही मशीन पुसून झाल्यावर पैली गोष्ट काय करतीय ते बघा. तुमच्या संगणकावरून एक फोल्डर आणतीय. आज तुमचा संगणक बंद हाय."

अक्का वायर हातात धरून तशीच उभी होती.

"अक्का," बसवराज म्हणाला, "तुमची मशीन उपास करत नव्हती. साबुदाणा खात होती."

मी हसलो. एकटाच हसलो, म्हणून थांबलो.

मग आठवत आठवत तिनं सांगितलं. काट्याशी बोलायचा तो तुकडा ज्यानं लिहिला होता, त्यानं तो एके दिवशी इंटरनेटवरून काढून घेतला होता. तिच्याकडे एक प्रत होती. ऐन हंगामात वेळ कुठला, म्हणून दोन दिवसांपुरती तिनं ती स्वतःच्या संगणकावर ठेवली आणि उपाशी मशीनला तिथून उचलायला सांगितलं. ते दोन दिवस संपायचे राहून गेले. इतकी वर्षं दर शुक्रवारी ती सगळ्यांची भांडी पालथी घालून बघत होती, आणि मशीन तिच्याच घरी जेवून येत होतं.

मला ह्यात काही बिघडलेलं दिसेना. म्हटलं, "अक्का, सोपं आहे. तुझा संगणक चालू ठेवू. वर कापड टाकू, कुणी हात लावणार नाही."

"आन् तो बंद पडला तर? त्यात काय काय हाय ते एकट्या मला ठाव. फोन कुणाला लावशील तू?" ती माझ्याकडे बघत होती. "पोरगी आत कळा देत असंल आन् मी दवाखान्याच्या दारात तुला पासवर्ड सांगत बसू?"

मग तो तुकडा तिच्या संगणकावरून काढून सगळ्यांच्या सामायिक जागी नेऊन ठेवायचं काम सुरू झालं. वाचताना हे अर्ध्या तासाचं वाटेल. तुकडा उचलला तर त्याला एक जुनं अवजार लागत होतं, तेही फक्त अक्काच्याच संगणकात. अवजार नवं घेतलं तर तुकडा त्याला ओळखेना. ओळख करून दिली तर त्याच्यामागचे दुसरे तीन रुसले. मामा, साडू, भावकी, सगळे एकेक करून दारात येऊन बसले. अक्का हातानं काही करायला तयार नव्हती, बसवराजकडूनच करून घ्यायची, आणि त्याच्यामागं फेऱ्या घालताना तिच्या बोटांची अशी चाळवाचाळव चालायची की माझं लक्ष कामात लागेना. तसं ते एरवीही लागत नाही.

मधल्या दिवसांत मिलवाल्यांचे फोन वाढले. "नवं कधी?" "होऊन जाईल." एका दुपारी तिकीट आठवडाभर पुढं ढकलता येतं का, हे मी माझ्या फोनवर बघितलं. येत होतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात बसवराजनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला आणि तोंडानं कन्नडात काहीतरी पुटपुटला. त्याचा अर्थ मी इथं देत नाही.

जायचा दिवस उजाडला तरी हिरवी ओळ आली नव्हती. दुपारी हैदराबादला निघायचं होतं. भाऊजी गाडी घेऊन दुकानासमोर आले. मागच्या सीटवर दोन बॅगा, त्यात डिंकाचे लाडू, खारीक, बाळंतशेपा, ओव्याची पुरचुंडी. वर बिल्ड चालू होता, अक्का चालत होती. खालून हॉर्न वाजला. ती फिल्टरपर्यंत गेली, परत आली. पुन्हा हॉर्न. जिन्याच्या दारापाशी ती थांबली. इतक्या वर्षांत चालू बिल्ड सोडून ती चहालासुद्धा खाली उतरली नव्हती. बसवराज पडद्याकडेच बघत म्हणाला, "अक्का, तुमी जावा."

"वरनं वाच," ती म्हणाली. "लाल ओळी लई दिसतेत, पर पैली खरी. खालच्या सगळ्या तिच्या मागनं रडायलेल्या असतेत."

आणि ती उतरली. मी खिडकीतून बघितलं. गाडीत बसताना तिनं वर मान केली नाही.

ती झहीराबादच्याही पुढं गेली असेल तेव्हा लाल ओळ येऊन बिल्ड पडला. संध्याकाळ होत आली, पुन्हा लावला, पुन्हा पडला. विमानतळावरून तिचा फोन आला.

"झालं का?"

"झालं," मी म्हणालो.

"खोटं बोलायलास. झालं असतं तर तूच आधी फोन केला असतास, आन् गल्लीभर सांगून मग मला सांगितलं असतास. पैली ओळ वाच."

मी वाचली. पलीकडे विमानतळाचा गोंगाट होता. मागं भाऊजी विचारत होते, पाण्याची बाटली आत नेऊ देतात का म्हणून.

"मला ठाव हाय काय झालंय ते," अक्का म्हणाली.

"मग सांग की."

"सांगत न्हाई."

"अक्का, हंगाम आलाय."

"व्हय, आलाय. तिकडं बी आलाय. आता सांगितलं तर उद्या बी सांगावं लागतंय, परवा बी. आन् पूर्वा बघत बसंल की आई फोनवर हाय." तिचा आवाज बदलला. "बसवराजला येतंय ते. तू मधी मधी करू नगस. मी फोन बंद करायलेय, विमानात बंद ठेवावा लागतोय."

विमानाला अजून कितीतरी वेळ होता. फोन मात्र बंद झाला, तो झालाच. मी पुन्हा पुन्हा लावून बघितला.

बसवराजला मी तिचं बोलणं सांगितलं. त्यानं पहिली ओळ पुन्हा वाचली, उठला, जिन्यापर्यंत जाऊन आला आणि खाली बसून एका तुकड्यापुढं नंबर लिहिला. कोणता मल्लप्पा, ते सांगायचं राहिलं होतं. बिल्ड लागला, आणि ह्या वेळी ओळ हिरवी आली. तिचा संगणक तेव्हाही बंदच होता. मी फोन लावला. बंद. मी बसवराजकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. सांगायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी खाली जाऊन भांड्यांच्या दुकानदाराला सांगितलं. तो म्हणाला, "अच्छा."

प्रोग्राम गेला. तूर आली, काट्यावर रांगा लागल्या, बिलं छापली गेली. बारीकसारीक अडचणी आल्या, त्या बसवराजनं निस्तरल्या. अक्काला आम्ही तिकडं फोन केला नाही, एकही नाही. पूर्वाला मुलगा झाल्याचं मला भाऊजींकडून कळलं. पूर्वाला शेवटी त्रास झाला होता, दोन दिवस कठीण गेले, अक्का तिच्या उशापासून हलली नव्हती. आता दोघं सुखरूप होते. अक्का तिकडं लांबली. नंतर आली ती हुलसूरच्या घरी, आमच्याकडे कामावर पुन्हा आली नाही.

हंगाम ऐन भरात असताना एकदा तिचा फोन आला होता. ऑफिसात दुपारची गर्दी होती, बसवराज शेजारीच होता. मला वाटलं, आता प्रोग्रामचं विचारेल. मी मनात उत्तर जुळवूनही ठेवलं होतं, थोडं तिखटमीठ लावून.

"दत्तू, कमलनगरच्या काकूंना इचारून सांग, बाळगुटीत मुरुडशेंगेचे वेढे किती द्यायचे. इथं कुणालाच ठाव न्हाई."

"विचारतो. अक्का, इकडं…"

बाळ रडायला लागलं. अक्कानं फोन कुठंतरी ठेवला, बंद न करता. तिचा आवाज लांबून येत राहिला. अरे अरे, काय झालं, कुणी मारलं माझ्या बाबाला. मग पूर्वाचा आवाज, झोपेतून उठल्यासारखा. "आई, दे इकडं." "तू पड. मी हाय की." नळ सुरू झाला, भांडं वाजलं. बाळ रडायचं थांबलं, पुन्हा लागलं, पुन्हा थांबलं. मी फोन कानाला लावून वाट बघत राहिलो, ती परत येऊन विचारेल म्हणून. मिलच्या काट्यावरून आलेले दोन फोन मधे वाजून गेले.

शेवटी बसवराज म्हणाला, "अण्णा, ठेवा आता. त्यांचं काम चाललंय."